झोपेची रात्रपाळी

नाशिक रोडला रात्री साडेआठला डबा घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसाकडे कोणी वळूनही बघत नाही. या गावाचं अर्धं पोट रात्रपाळीवर भरलेलं आहे. १९२८ साली इथे नोटांचा छापखाना सुरू झाला, तिकिटं आणि स्टँप छापणारा सिक्युरिटी प्रेस त्याच्याही आधीचा. रेल्वे तर त्याहून जुनी. पलीकडे एकलहऱ्याचं थर्मल, अलीकडे मध्यवर्ती कारागृह, देवळालीकडे तोफखाना. त्यामुळे जेल रोडच्या आमच्या सोसायटीत ‘कुठे निघालात’ असं कोणी विचारत नाही, ‘कोणती पाळी’ असं विचारतात. मी ‘रात्र’ म्हणालो की समोरचा समाधानाने मान हलवतो आणि पुढचा प्रश्न टाकतो.

“प्रेसला का?”

“नाही, स्लीप लॅबला.”

“म्हणजे?”

“रात्री पेशंट येऊन झोपतात.”

“आणि तुम्ही?”

“मी जागा राहतो.”

इथे समोरच्याच्या डोळ्यांत दया येते. मुलगा शिकलेला दिसतोय, वॉचमन आहे म्हणायला लाजतोय, असं मनाशी ठरवून तो विषय पाण्याच्या टँकरवर नेतो. लग्न जमवताना हीच पंचाईत झाली होती. मध्यस्थाने ‘मुलगा हॉस्पिटलात मोठ्या मशीनवर असतो’ एवढंच सांगून वेळ मारून नेली, त्यामुळे सासरे बरेच दिवस मला सीटी स्कॅनवाला समजत होते. खरं काय ते कळल्यावर त्यांनी एकच विचारलं, “झोपायला पैसे मोजणारी माणसं आहेत?”

आहेत, आणि आगाऊ मोजतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘स्लीप स्टडी’ लिहिलेलं असतं. पेशंट मात्र येऊन ‘झोपेचा एक्स-रे काढायचाय’ म्हणतात. सिन्नरकडचे एक आजोबा ‘माझी झोप मोजून द्या’ म्हणाले होते, आणि अख्ख्या शास्त्राची इतकी नेमकी व्याख्या मला पुस्तकातही सापडलेली नाही. काम सोपं आहे. माणसाच्या अंगाला वीसेक वायरी चिकटवायच्या, त्याच्यावर कॅमेरा रोखायचा, आणि ‘आता अगदी नेहमीसारखं झोपा’ असं सांगायचं.

या धंद्यात शिरल्यापासून एक गोष्ट मला पुरती कळून चुकली आहे. माणसाला स्वतःच्या पगाराबद्दल, पोटाबद्दल, पोराबाळांबद्दल थोडीफार शंका असते. झोपेबद्दल कधीच नसते. ज्या वेळी आपण स्वतः हजरच नव्हतो त्या वेळेविषयी तो छातीठोकपणे बोलतो. घोरणारा म्हणतो मी घोरत नाही. रात्रभर झोपलेला म्हणतो डोळ्याला डोळा लागला नाही. दिवसा पेंगणारा म्हणतो मी डोळे मिटून ऐकत होतो. या सगळ्यांच्या विरोधात पुरावा गोळा करायचा, तोही पहाटे चारला, आणि सकाळी तो त्यांच्याच हातात द्यायचा, यासाठी मला पगार मिळतो.

पहिली साक्ष संध्याकाळीच होते.

“घोरता का?”

“छे,” काका म्हणतात. “फार दमलो तर श्वास जरा जड होतो.”

मागच्या खुर्चीतल्या काकू एक अक्षर बोलत नाहीत. त्या पर्समधून मोबाइल काढतात आणि रेकॉर्डिंग लावतात. काका शांतपणे ऐकतात, मग म्हणतात, “हा माझा आवाज नाही. मिक्सर चालू असेल.” रेकॉर्डिंगवर वेळ रात्री अडीचची असते. अडीच वाजता घरात कोण चटणी वाटत होतं, याचा खुलासा मागायच्या भानगडीत मी पडत नाही.

मग आठ प्रश्नांचा एक फॉर्म. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलातले डॉक्टर मरे जॉन्स यांनी तो तयार केला, १९९१ साली तो प्रसिद्ध झाला आणि आज जगभर चालतो. वाचताना डुलकी लागते का, टीव्ही बघताना लागते का, सभेत नुसतं बसलं तर, कोणाच्या गाडीतून तासभर गेलं तर. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस, आणि दहाच्या पुढे गेलात की दिवसाची झोप जास्त आहे असं समजायचं. प्रश्न उत्तम आहेत, पण ते नाशिकात विचारावे लागतात. ‘दुपारच्या जेवणानंतर, मद्य घेतलेलं नसताना, शांत बसलात तर?’ यातलं ‘मद्य घेतलेलं नसताना’ द्राक्षांच्या जिल्ह्यात काही जणांना आठवणींत घेऊन जातं. बाकीच्यांची तक्रार वेगळी. दुपारी जेवून शांत बसायचं आणि झोपायचं नाही, तर मग बसायचं कशाला? वामकुक्षीचं खापर उगाच एकट्या पुण्यावर फुटतं. शेवटचा प्रश्न, ‘गाडी वाहतुकीत दोन-चार मिनिटं थांबली तर?’ एक रिक्षावाले दादा यावर चिडले. “द्वारका चौकात दोन-चार मिनिटांत सुटतंय का कोणी? तिथं मी डबा खाऊन घेतो.” याला शून्य द्यावा की तीन, याचा विचार करून मी मान वर केली तर दादा खुर्चीतच झोपले होते. तीन दिले.

आदल्या दिवशी आम्ही फोन करून बजावतो. डोकं धुऊन या, तेल लावू नका, दुपारी झोपू नका, संध्याकाळनंतर चहा नको. यातलं तेलाचं कलम महाराष्ट्रात आजवर कोणालाही पटलेलं नाही. ‘तपासणी झोपेची आहे ना, मग झोप नीट लागायला नको?’ असं म्हणत घरच्या बायका निघता निघता टाळूवर खोबरेल थापून पाठवतात. आपला माणूस परीक्षेला चाललाय आणि तो पास झाला पाहिजे, ही त्यामागची माया मला समजते. पण तेलावर इलेक्ट्रोड टिकत नाही. रात्री सव्वानऊला एका प्रतिष्ठित नागरिकाचं डोकं बेसिनमध्ये धरून शांपू चोळणं हे माझ्या नेमणूकपत्रात कुठेही लिहिलेलं नाही.

त्यानंतर मोजमाप. दोन भुवयांमधल्या खोलगट जागेपासून डोक्यावरून मागे, मानेच्या वरचं हाड बोटाला लागतं तिथपर्यंत टेप धरायची. त्या अंतराच्या दहा टक्क्यांवर एक खूण, पुढे वीस-वीस टक्क्यांवर. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. खुणा लाल पेन्सिलीच्या. प्रत्येक खुणेवरचे केस बाजूला करून खरखरीत जेलने कातडी घासायची, लहानशा सोनेरी वाटीत पांढरी पेस्ट भरायची, ती दाबून बसवायची, वर गॉजचा तुकडा. डोक्याला अशा सहा, कानांमागे दोन, डोळ्यांच्या कडांना दोन, हनुवटीला तीन. नडग्यांवर, छातीवर. छातीला एक पट्टा, पोटाला एक. गळ्याला घोरण्याचा सेन्सर, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, नाकाशी दुहेरी नळी. शूर्पणखेचं नाक ज्या गावात कापलं गेलं तिथे नाकाजवळ काही नेलं की माणूस दचकतो, हे मी आता गृहीत धरून चालतो.

शेवटी सगळ्या वायरी मागे घेऊन त्यांची वेणी घालायची. खरीच वेणी, तिपेडी. घरी दोन मुली असलेले एक गृहस्थ माझा हात बघून म्हणाले, “सकाळी शाळेच्या वेळेला मोकळे असता का?” वायरी लावून झालेला पेशंट आधी स्वतःचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो. पाच मिनिटांत नातवंडांकडून रोबोट येतो, भावाकडून हसणारी तोंडं येतात आणि गावाकडच्या एका आत्याकडून ‘देव लवकर बरं करो’. मग आत्याला फोन करून समजावण्यात पंधरा मिनिटं जातात.

मी शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसतो आणि माइकवरून कवायत सुरू होते. डोकं न हलवता वर बघा. खाली बघा. पाच वेळा डोळे मिचकवा. दात आवळा. उजवा पाय हलवा. श्वास धरा. कोणती वायर काय पकडते आहे हे त्यातून कळतं. सर्वांत शेवटची सूचना, ‘आता पाच सेकंद घोरल्यासारखा आवाज काढा.’

इथे माणूस अडतो. एक निवृत्त मुख्याध्यापक तर उठून बसले. “जी गोष्ट मी करत नाही तिचा आवाज मी कसा काढणार?”

“सर, नुसतं नाटक म्हणून.”

“मी शाळेतही कधी नाटकात काम केलं नाही.”

बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी मांजराला शोभेल असा एक नाजूक फुत्कार दिला. मी आभार मानले आणि दिवा मालवला. दहा-बारा मिनिटांत सरांनी जो सूर लावला, त्याने पडद्यावरची घोरण्याची रेघ वरच्या-खालच्या दोन्ही रेघांच्या हद्दीत शिरली.

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, हे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. ते खरंच आहे, पण आता त्याला पकडता येतं. डोळे मिटून जागा असलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला आठ ते तेरा हेलकाव्यांची एक लहर चालू असते आणि झोप लागू लागली की ती विरते. पाहुणे आल्यावर झोपून राहणारे, अभ्यासाच्या हाकेला ओ न देणारे, रविवारी पिशवी घेऊन बाजारात जायचं टाळणारे, या सर्वांच्या सुदैवाने हे यंत्र अजून घरोघर पोहोचलेलं नाही.

खरी झोप लागली की तिचे मुक्काम ठरलेले असतात. आधी डोळा लागतो, मग झोप धरते, मग ढाराढूर, आणि साधारण दीड तासाने डोळे मिटल्या पापण्यांखाली भराभर फिरू लागतात, ती स्वप्नांची पाळी. हे डोळ्यांचं फिरणं शास्त्राला १९५३ पर्यंत ठाऊक नव्हतं. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने एक जुनाट यंत्र दुरुस्त करून घेतलं, आपल्या आठ वर्षांच्या मुलाला रात्रभर वायरी लावल्या, आणि डोळ्यांच्या रेघा नाचायला लागल्यावर आधी यंत्रच बिघडलं असावं असं धरून चालला. मुलगा त्या वायरींबद्दल आईजवळ काय म्हणाला असेल, हे शोधनिबंधात येत नाही.

त्या काळी हे सगळं कागदावर उमटे. कागद सेकंदाला एक सेंटिमीटर सरके, पान तीस सेंटिमीटरचं, म्हणून एका पानावर तीस सेकंद. कागद गेला, संगणक आला, तरी आजही आम्ही झोप तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांतच वाचतो. आठ तासांचे ९६० तुकडे. प्रत्येकावर मी नजर टाकून शिक्का मारतो: जागा, हलकी, गाढ, स्वप्न. कागदाच्या हिशेबात ही एका माणसाची एका रात्रीची झोप २८८ मीटर भरते. मी हे एकदा करन्सी प्रेसमधल्या एका पेशंटला सांगितलं. ते हळहळले. “इतक्या कागदात काय काय छापलं असतं!” काय छापलं असतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. प्रेसवाली माणसं कामाविषयी बाहेर बोलत नाहीत. झोपेत बडबडणारे माझ्याकडे पुष्कळ येतात आणि सासूपासून साहेबांपर्यंत सर्वांचा उद्धार माझ्या कॅमेऱ्यात रेकॉर्ड होतो (तो तिथेच राहतो, हेही आमच्या पेशाचं बंधन), पण हे गृहस्थ झोपेतही तोंड मिटून होते. सकाळी वायरी काढून त्यांना ‘झालं, निघा’ म्हणालो तर ते दारापाशी थांबले आणि सवयीने दोन्ही हात वर करून उभे राहिले. झडती दिल्याशिवाय बाहेर पडणं त्यांच्या अंगवळणी नव्हतं.

आमची खोली आवाजबंद आहे असं माहितीपत्रकात म्हटलेलं आहे. माहितीपत्रक छापणाऱ्याने मालगाडीचा भोंगा ऐकला नसावा. पण खरं सांगायचं तर नाशिक रोडकराला गाडीचा आवाज बाधत नाही, तो बंद झाला तर बाधतो. रेल्वे क्वार्टर्समधले एक काका रात्री एकपर्यंत तळमळत होते. कारण विचारलं तर म्हणाले, “अजून गेली नाही ना.” कोण, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळाने लांबून धडधड आली आणि काका कुशीवर वळून झोपले. एका लोको पायलटचं आणखी वेगळं. हल्लीच्या इंजिनात चालकाने मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर एक यंत्र बझर वाजवून जाब विचारतं, आणि उत्तर आलं नाही तर स्वतः ब्रेक लावतं. रात्री त्यांची एक वायर सुटली, माझ्या संगणकाने टुंग केलं, उघड्या दारातून ते आत ऐकू गेलं असावं. कॅमेऱ्यात दिसलं की साहेब गाढ झोपेतून जरा चाळवले, हात लांब केला, उशीच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला आणि पुन्हा घोरू लागले.

पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांचं मात्र काही करता येत नाही. १९७५ पासून ही गाडी सकाळी नाशिककरांना मुंबईला नेते आणि रात्री परत आणून टाकते. तिच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपायची कला या मंडळींनी इतकी कमावली आहे की पलंगावर आडवं झालं की त्यांना चुकल्यासारखं वाटतं. असा एक पासधारक अडीच तास छताकडे बघत होता. मी माइकवरून विचारलं, काही हवं आहे का? म्हणाला, “पलंग जरा हलवता येईल का?”

सोबत येणाऱ्या नातेवाईकाची व्यवस्था बाहेरच्या बाकावर असते. आजाऱ्यापेक्षा सोबतीच जास्त घोरतो, हा या क्षेत्रातला अलिखित नियम आहे. निफाडच्या एका बागायतदारांबरोबर त्यांचे मेव्हणे आले होते. खोलीच्या माइकवर रात्रभर दोन माणसं घोरत होती आणि त्यातला पेशंट कोण हे गळ्याच्या सेन्सरवरूनच कळत होतं. सकाळी डॉक्टरांनी मेव्हण्यांनाही तपासायला सांगितलं. मेव्हणे म्हणाले, “मी तर रात्रभर जागाच होतो. दाजींची काळजी.”

आता घोरण्याबद्दल एक गंभीर गोष्ट. घोरणं थांबलं की घरच्यांना हायसं वाटतं. मला नाही वाटत. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, काहींची श्वासाची वाट मिटूनच जाते. पडद्यावर नाकाची रेघ सपाट होते, पण छातीचा आणि पोटाचा पट्टा झगडत राहतो. ऑक्सिजन ९५ वरून ९०, ८६, ८२. मग मेंदू दोन-तीन सेकंद जागा होतो, माणूस घुसमटून मोठा श्वास ओढतो, आणि पुन्हा सुरू. सकाळी यातलं काहीही त्याला आठवत नाही. दहा सेकंद किंवा जास्त थांबलेला प्रत्येक श्वास, आणि त्याच्या जोडीला अर्धवट मंदावलेले श्वास, हे सगळं आम्ही मोजतो. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तिसापर्यंत मध्यम, पुढे तीव्र. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाची ही अडचण होती, आणि दिवसा पेंग येण्यासह पुरता आजार ७.५ टक्क्यांना. म्हणजे पंचवटीच्या डब्यात एका रांगेतले पाच जण घेतले तर त्यातला एक माझा.

तीव्र निघालेल्याला रात्री मध्येच उठवून मास्क लावावा लागतो. झोपलेल्याला उठवणं ही जोखीम आहे. गुहेत झोपलेल्या मुचकुंदाला लाथ मारून उठवणाऱ्या कालयवनाचं काय झालं, ते सर्वांना ठाऊक आहे. कुंभकर्णाला उठवायला रावणाने ढोल, नगारे आणि हत्ती दिले होते. मला हॉस्पिटलने काहीच दिलेलं नाही. मी दार वाजवतो, खोकतो, आणि ‘काका, मशीन लावायचंय’ असं सासुरवाडीला आलेल्या जावयाच्या आवाजात सांगतो.

हे मशीन म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ते जगापुढे मांडलं. त्याआधी अशा तीव्र पेशंटवर ठोस उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं. सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवला. पेशंटला हे समजावताना मी कसारा घाट सांगतो. तिथे सदतीस मीटरला एक मीटर असा चढ आहे, म्हणून मागून बँकर इंजिन लावून गाडी इगतपुरीपर्यंत ढकलतात. तुमची गाडी चांगली आहे, फक्त घाटात मागून जरा रेटा हवा. नाशिक रोडला एवढं पुरतं. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, “मग इगतपुरीला काढता येईल ना?” नाही. हा घाट रोज रात्री आहे.

मास्कला सगळ्यात मोठा विरोध मिशीचा. तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांच्या मिशा इतक्या भरदार की मास्क कसाही बसवला तरी कडेने हवा सुटायची आणि मिशा फडफडायच्या. मी हळूच म्हणालो, थोड्या कमी केल्या तर? त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. आता ते नाकपुड्यांत बसणारा लहान मास्क वापरतात. मिशा जिथल्या तिथे आहेत.

पहाटे तीन ते पाच हा माझा कठीण काळ. शरीराचं तापमान सगळ्यात खाली उतरलेलं, समोर उबदार पांघरुणात माणूस, आणि मला त्याच्या झोपेच्या लाटा मोजायच्या. पंचवटीत पर्णकुटीबाहेर धनुष्य घेऊन रात्र रात्र जागणारा लक्ष्मण मला या जिल्ह्यातला आमच्या पेशाचा मूळपुरुष वाटतो. त्याला फक्त सकाळी रिपोर्ट टाइप करायचा नव्हता. या वेळी स्वप्नांची झोप जास्त असते आणि स्वप्नात मेंदू शरीराच्या स्नायूंना जवळजवळ कुलूप लावून ठेवतो, म्हणजे आपण स्वप्नातल्या बैलामागे खरोखर धावत सुटत नाही. कधी कधी जाग आधी येते आणि कुलूप नंतर निघतं. माणूस जागा, डोळे उघडे, पण बोटही हलत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय. आपल्याकडे हे खातं परंपरेने पिंपळावरच्या मुंज्याकडे आहे. एका तरुणाने या मुंज्यापायी त्र्यंबकेश्वरला कालसर्पाची शांतही करून घेतली होती. त्याला मी पडद्यावर हनुवटीची सपाट रेघ दाखवली, स्नायू कसे बंद होतात ते सांगितलं. त्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे हा मुंज्या मशीनमध्ये दिसला नाही?”

सहाला दिवे लावतो. उशीवरून पहिलं वाक्य येतं, “काही उपयोग नाही झाला तुमचा. मला झोपच लागली नाही.” पडद्यावर पाच तास चाळीस मिनिटं दिसत असतात. मी ती दाखवतो. पेशंट मनगट पुढे करतो. “माझं घड्याळ बघा. त्यात काहीतरी वेगळंच आहे.” अठरा-वीस वायरी एका बाजूला आणि मुलाने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ दुसऱ्या बाजूला, असा हा सामना असतो, आणि घड्याळ मुलाने दिलेलं असल्यामुळे तेच जिंकतं.

आकडा सांगण्याची पाळी आली की मात्र वातावरण पालटतं. तासाला बासष्ट, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर एका गृहस्थांचा चेहरा उजळला. “बासष्ट? आयुष्यात पहिल्यांदा फर्स्ट क्लास मिळाला.” त्यांच्याच इमारतीतले दुसरे पेशंट आठवडाभराने आले तेव्हा वायरी लावून घेतानाच त्यांनी चौकशी केली, “आमच्या खालच्यांना बासष्ट आले म्हणे?” यांना सतरा आले. चेहरा असा पडला की परत रात्र काढायला तयार होते.

मिक्सरवाल्या काकांना एकेचाळीस आले होते. मशीन घेतलं, मास्क बसला, आणि महिनाभराने दोघं पुन्हा तपासणीला आले. काका टवटवीत, वजन जरासं उतरलेलं, दुपारी पेंगणं बंद. काकूंच्या डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं. इतक्या वर्षांत घरात पहिल्यांदाच रात्री शांतता झाली आणि त्या शांततेत त्यांना झोप येईना. दर तासाला उठून त्या काकांच्या नाकापुढे बोट धरून बघत होत्या. मशीनला थोडा आवाज ठेवायची सोय आहे का, असंही त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

पण काका काहीतरी बोलायची संधी शोधत होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. पहाटे लागते ना हिची झोप, म्हणाले, तेव्हाचं आहे हे. रेकॉर्डिंग सुरू झालं. सुरुवात मंद होती, मग सूर चढत गेला, मध्ये एक लांब विराम, आणि मग एकदम सम.

काकूंनी पूर्ण ऐकलं. “हा माझा आवाज नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मशीनचाच असेल.”

मी त्यांना पुढच्या सोमवारची तारीख दिली आणि डोक्याला तेल लावून येऊ नका असं सांगितलं.